टाकीवालीची हाळी

गुरुजी, चोरी तुम्ही केलीत आणि धरली गेले मी.

भर दुपार होती. बार्शीत गेल्या काही वर्षांत उठलेल्या एका सोसायटीच्या मागच्या अंगणात मी उभी होते. वॉचमननं माझं बोचकं धरलं होतं, मॅक्सी घातलेल्या एका बाईनं माझा दंड धरला होता, आणि स्कूटरवरून आत्ताच उतरलेला एक माणूस हेल्मेट न काढताच मला विचारत होता, "कुणाच्या घरात शिरायचं होतं? बोल की! मुकी आहेस का?"

मुकी नव्हते मी. जीभ होती, घसा होता, छातीत हवा होती. पण आत तुम्हीही होतात ना. "गप. तोंड मिट. फुटकं मडकं." तुमचाच आवाज, तोच खडूच्या धुळीनं खाकरलेला.

तुम्ही काय चोरलंत ते शेवटी सांगते. आधी मी तिथं कशी पोचले ते ऐका. तुम्हाला ऐकायची सवय नाही, तरी ऐका.

माझं नाव केरा. माझ्या आधीची दोन पोरं गेली, म्हणून आईनं मला केर म्हटलं. केराकडं मरणाची नजर जात नाही म्हणतात. मरणाची गेली नाही, नवऱ्याची गेली. तो खडीच्या खाणीवर होता. एक दिवस त्यानं माझं डावं मनगट पिरगाळलं आणि मला दाराबाहेर काढलं. डाव्या हातात टाकी धरायची असते, म्हणजे दगड टोचायची छिन्नी. मनगट सुजलेलं घेऊन मी बार्शीला भावाच्या दारात आले.

भावानं, गोरखदादानं, मला घरात घेतलं नाही. बाहेरच बाजेवर बसवलं आणि पाणी दिलं.

"केरे, आखितीपर्यंत बघतो," तो म्हणाला. "सुंद्राआत्याकडं रहा. तुझं तू कमावून खाल्लंस तर मी मध्ये पडत नाही. न्हाईतर आखित झाली की तुला खाणीवर सोडून येतो. तुझा नवरा न्यायला तयार हाय."

"मारतो त्यो, दादा."

"कोण मारत न्हाई?"

दादाला मी वाईट म्हणणार नाही. चांगलाही म्हणणार नाही. आतून वहिनीनं भांडं जोरात ठेवलं, तो उठला, आणि मी सुंद्राआत्याच्या झोपडीकडं चालायला लागले.

सुंद्राआत्या माझ्या बापाची बहीण. तिचा सगळा जन्म एकाच धंद्यात गेला. पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की त्यावर मिरची वाटली जात नाही, नुसती घसरते. मग टाकी आणि हातोडी घेऊन त्याला बारीक बारीक टोचे द्यायचे, सगळ्या अंगावर, देवी आल्यासारखे. मग दगडाला पुन्हा दात येतात. याला टाकी लावणं म्हणतात. आत्या गल्लोगल्ली फिरून हे करायची. मी आले तेव्हा घरोघर मिक्सर आले होते, तरी उन्हाळ्यात तिखट-मसाल्याच्या दिवसांत बायकांना पाटा आठवायचाच.

आम्ही दोघी जायचो. हाळी द्यायची आत्यानं, टाकी लावायची मी.

"टाकीऽऽये! पाट्याला टाकीऽऽ, जात्याला टाकीऽऽ!"

शेवटची "टाकी" ती एवढी लांबवायची की पुढच्या गल्लीतलं कुत्रं मान वर करायचं. आणि तिचा एक नियम होता. हाळी गल्लीच्या तोंडालाच द्यायची. आत शिरून नाही, दारात जाऊन नाही. "आधी आवाज आत जायला पायजे, मग आपण," ती म्हणायची. का, ते मी विचारलं नाही. मला काय, मला तोंड उघडायचंच नव्हतं. मी घरात बोलायचे, तेही हळू, भिंतीला सांगितल्यासारखं. उंबऱ्याबाहेर नाही. आत्याच्या मागं मान खाली घालून चालायचं, दगड दाखवला की बसायचं, टोचायचं, उठायचं. तेवढ्यात माझं बरं चाललं होतं.

होळीच्या सुमाराला आत्याचा आवाज गेला. जन्मभर दगडाची धूळ छातीत साठली होती, ती गळ्यापर्यंत आली. खोकला, ताप, आणि मग नुसती फुसफुस. दवाखान्यात तिला घरी बसायला सांगितलं.

"आता तू जा," ती फुसफुसली.

"मला जमायचं न्हाई, आत्या."

"टाकी तुला माझ्याहून चांगली जमती."

"टाकी न्हाई. हाळी."

ती भिंतीकडं तोंड करून झोपली. गोरखदादाचं बोलणं तिलाही माहीत होतं. आखित, म्हणजे अक्षय्य तृतीया, समोर दिसत होती.

मी जायला लागले. सकाळी डोक्यावर बोचकं, कमरेला पाण्याची बाटली. गल्लीच्या तोंडाला उभी राहायचे. श्वास घ्यायचे. छाती भरायची, ओठ उघडायचे, आणि तुम्ही सुरू व्हायचात.

"बघा रे बघा, केर बोलणार आहे."

ओठ मिटायचे. मग मी उगाच पदर सारखा करायचे, खोकल्याचं सोंग करायचे, आणि गल्लीतून गप चालत जायचे. या टोकापासून त्या टोकापर्यंत. दारात बसून बायका मिरच्यांची देठं खुडत होत्या. त्यांच्या मागं, ओट्याखाली, मला पाटे दिसायचे. गुळगुळीत, तोंड धुतल्यासारखे. मी चालत राहायचे. बायकांना वाटायचं, असेल कुणी, कुठंतरी निघाली असेल. एकीनं तर मला पत्ता विचारला. मी बोटानं दाखवला.

दुपारी स्टँडच्या मागं लिंबाखाली बसून भाकरी खायचे. दिवसभरात माझ्या तोंडातून एक शब्द निघायचा नाही. आणि डोक्यात मात्र एक माणूस अखंड बोलत असायचा. कुणाला वाटेल एकटीला सोबत असेल ती. तसली सोबत वैऱ्यालाही नको. भाकरी तोडली तर "कमावलीस का?" पाणी प्यायले तर "गिळ, दुसरं काय येतं." समोरून गजरेवाली गेली, भंगारवाला गेला, कुल्फीवाला घंटी वाजवत गेला. सगळे ओरडत होते, सगळ्यांकडं माणसं वळून बघत होती. मला कुल्फीवाल्याच्या घंटीचा हेवा वाटायचा. पण घंटीवर पाटा आठवत नाही कुणाला.

संध्याकाळी आत्या खुणेनं विचारायची, दिली हाळी?

"दिली," मी म्हणायचे.

एक दिवस तिनं मला जवळ बोलावलं. माझ्या गळ्याला बोटं लावली, जशी ती दगडाला लावायची, पारख करत.

"हाळी दिलेला घसा असा नसतो," ती फुसफुसली. "लोण्यासारखा हाय हा. खोटं कुणाला सांगतीस?"

मी रडले. ती रडू देत राहिली, समजूत काढली नाही. आत्याला ते येत नव्हतं. थोड्या वेळानं म्हणाली, "माझ्या आवाजात बघतीस काढायला. म्हणून निघत न्हाई. माझी हाळी मी घेऊन जाणार वर. तुझी तू काढ."

निघत नव्हती ती माझी की तिची, हेही मला कळत नव्हतं. मग मी एक वाट काढली. म्हटलं, ओरडायचंच नाही. सरळ दारात जायचं, कडी वाजवायची, बोचकं उघडून टाकी दाखवायची. बाईला कळेल. दोन दारांवर बायकांनी मला भिकारी समजून हात हलवला. तिसऱ्या दारावर पोरीनं आईला हाक मारली, "आई, कुणीतरी बाई हातोडी घेऊन आलीय!" आणि दार लागलं. आतून कडीही लागली.

तशी मी त्या सोसायटीत शिरले.

फाटक उघडं होतं. वॉचमन नळावर बादली भरत होता, त्याची माझ्याकडं पाठ होती. मी मागच्या बाजूला गेले आणि तिथं, धुणं धुवायच्या नळाखाली, मला तो पाटा दिसला. काळा, रुंद, चांगल्या जातीचा दगड. कुणीतरी त्याच्यावर साबणाची वडी ठेवली होती. असा दगड, आणि वर साबण! मी बसले, वडी बाजूला केली, आणि हात फिरवला. आमची सवयच असते ती. कुठं किती झिजलाय ते तळव्याला कळतं. दगडाशेजारी कुणाचं तरी पितळी घंगाळ उन्हात पालथं घातलं होतं. ते मी पाहिलंसुद्धा नव्हतं.

मॅक्सीवाल्या बाईनं मात्र मला घंगाळाशेजारी वाकलेलं पाहिलं.

"ए! ए बाई! काय चाललंय?" ती धावत आली, माझा दंड धरला. "काशिनाथ! अहो काशिनाथ! कुणी सोडली हिला आत?"

काशिनाथ वॉचमन बादली टाकून आला. पाठोपाठ तो स्कूटरवाला. काशिनाथनं माझं बोचकं उघडलं. आत तीन टाक्या, हातोडी आणि फडक्यात भाकरी.

"हे काय?" स्कूटरवाल्यानं टाकी उचलून बघितली. "कुलूप तोडायचं सामान आहे हे."

"टाकीवाली असंल साहेब," काशिनाथ हळूच म्हणाला. "पाट्याला टाकी लावत्यात, तसली."

"टाकीवाली?" मॅक्सीवाली म्हणाली. "टाकीवाली रस्त्यानं ओरडत येते. आमच्या माहेरी यायची, अख्ख्या आळीला कळायचं. ही मांजरीसारखी आलीय. पाऊल वाजलं नाही."

तेव्हा मला आत्याचा नियम कळला. आधी आवाज, मग आपण. आमच्या जातीचं नाव ऐकलं की माणसं आधी भांडी जागेवर आहेत का बघतात. आत्याला ते पुरतं माहीत होतं. हाळी गिऱ्हाइकासाठी असते, पण त्याच्या आधी ती आपल्या राखणीला असते. मी बघा, मी येतेय, मी लपत नाही. मी न ओरडता आले होते, म्हणून मी चोर होते.

"कुठल्या तुम्ही? कुठली वस्ती?" स्कूटरवाल्यानं विचारलं.

मी गप.

"नाव काय?"

मी गप. डोक्यात, "गप. तोंड मिट." बाहेर, "बोल. तोंड उघड." दोघांच्या मध्ये माझं मुंडकं गरगरायला लागलं.

"पोलीस चौकीत फोन करतो," तो म्हणाला. "तिथं बरोबर बोलेल."

चौकी म्हटल्यावर मला आखित दिसली. चौकीतनं मला सोडवायला कोण येणार? गोरखदादा. आणि तिथून तो मला सरळ खाणीवर नेणार. चोरीचा आळ आलेल्या बहिणीला कोण ठेवून घेतं? नवरा दारात उभा दिसला. त्याचा हात दिसला. माझं मनगट आपोआप पोटाशी आलं.

"एक मिनिट, साहेब," काशिनाथ म्हणाला. तो माझ्याकडं वळला. म्हातारा होता, दाढीची खुंटं पांढरी. "बाई, टाकीवाली असशील तर हाळी दे. एकदा दे. हाळी कुणाला खोटी देता येत न्हाई."

"हो हो, दे बघू," मॅक्सीवाली म्हणाली. आणि तिनं माझा दंड सोडला.

मी श्वास घेतला. छाती भरली. ओठ उघडले. आणि तुम्ही सुरू झालात, नेहमीसारखे. फक्त या वेळी ओठ मिटले नाहीत. कसे मिटणार? मिटले की चौकी. तोंड उघडंच होतं आणि त्यात तुमच्याशिवाय दुसरं काही नव्हतं. मग जे होतं ते बाहेर आलं, आत्याच्या सुरात, आत्याच्या लांबणीनं, अंगातल्या सगळ्या जोरानं.

"फुटकंऽऽ मडकं! गप बऽऽस! तोंड मिऽऽट!"

समोरच्या इमारतीत कुणीतरी रेडिओ बंद केला.

मॅक्सीवाली दोन पावलं मागं सरकली. स्कूटरवाल्यानं इतका वेळ डोक्यावर असलेलं हेल्मेट काढलं. वरून, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, एक खणखणीत म्हातारा आवाज आला.

"कोण गं ते? कुणाला गप बसवतेस?"

मी वर बघितलं. पांढऱ्या केसांची एक बाई कठड्याला दोन्ही हातांनी धरून वाकली होती.

"मला!" मी ओरडले.

"आं?"

"मला म्हणत्यात तसं!"

"कोण म्हणतं?"

"गुरुजी!"

"कुठायत गुरुजी?"

आणि गुरुजी, काय सांगू तुम्हाला. सगळ्यांनी बघितलं. काशिनाथनं फाटकाकडं बघितलं, मॅक्सीवालीनं जिन्याकडं, स्कूटरवाल्यानं माझ्या मागं. मीसुद्धा बघितलं. नळ होता, पाटा होता, दोरीवर कुणाचा तरी लेंगा वाळत होता. तुम्ही कुठंच नव्हता.

"हितं न्हाईत," मी म्हणाले.

"मग कशाला त्यांचं ओरडतेस?" वरची म्हातारी म्हणाली. "तुझं काय ते ओरड."

काशिनाथ हसला. मग मलाही हसू आलं, नाकातून पाणी येईल असं. आणि हसता हसताच, श्वास न जमवता, न ठरवता, ते निघालं.

"टाकीऽऽये! पाट्याला टाकी, जात्याला टाकीऽऽये!"

आत्यासारखं नव्हतं ते. आत्याचं लांबायचं, माझं तुटायचं. खडीवर लोखंड आपटल्यासारखं. पण भिंतीवर आदळून परत आलं, इतकं खरं होतं.

"अगं बये, तुलाच तर हुडकतेय!" म्हातारी म्हणाली. "पाच वेळा सांगितलं या काशिनाथला, टाकीवाली दिसली की वर पाठव. काशिनाथ, तो नळाखालचा पाटा माझाच आहे. आण वर. आणि बाईला आण."

"इनामदार काकू, अहो, चोर असली तर?" मॅक्सीवाली म्हणाली.

"चोर एवढ्या मोठ्यानं ओरडत येतो होय गं?"

"आली तेव्हा नव्हती ओरडली!"

"आता ओरडली ना? झालं. तुझं घंगाळ आत ने, म्हणजे तुला दुपारची झोप लागेल."

स्कूटरवाला टाकी बोचक्यात ठेवून निघून गेला. माफी वगैरे कुणी मागितली नाही. मागतही नसतात.

वर गेले. इनामदार काकू एकट्याच राहत होत्या. गुडघे गेलेले, जिना उतरता येत नाही, म्हणून दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या. कठड्यावर त्यांच्या कोपरांची जागा गुळगुळीत झाली होती. पाटा खाली गेला तो साबणाच्या कामाला गेला, कारण वर्षभर त्याच्यावर काही वाटताच येत नव्हतं.

मी गॅलरीत बसले आणि टोचायला लागले. टक टक टक टक. काकू खुर्चीवरून बघत होत्या, आणि बोलत होत्या. बोलायला माणूस मिळालं की अशी माणसं सोडत नाहीत.

"मध्ये कमी लागलंय."

"मध्येच जास्त लागतं काकू, मी शेवटाला करते."

"बरं. तुझा आवाज काही गोड नाही हां."

"न्हाई."

"गोड ऐकायला रेडिओ आहे माझ्याकडं. हे गुरुजी कोण?"

मी सांगायचं नाही म्हणून ठरवलं होतं. पण हात चालू असले की माझं तोंडही थोडं सैल सुटतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी चौथीत होते. शाळा तपासायला साहेब आला होता. तुम्ही आठवडाभर एक कविता घोकून घेतली होती, पुढच्या बाकांकडून. आम्ही मागं, दाराजवळ, जमिनीवर बसायचो. ऐकून ऐकून माझीही पाठ झाली होती. पुढच्यांहून चांगली पाठ झाली होती. रात्री मी ती बोचक्याला म्हणून दाखवायचे, आईनं टाकी लावायला आणलेल्या दगडांना म्हणून दाखवायचे. साहेबानं विचारलं, "कोण म्हणणार?" मी हात वर केला. एकटीनं. पुढची पोरं साहेबाला घाबरून गप बसली होती. साहेब म्हणाला, "ती मुलगी, मागची. ये बाळ." मी उठले. आणि तुम्ही म्हणालात, "ती नको साहेब. ती फुटकं मडकं आहे. गप बस गं. तोंड मिट." साहेब हसला. पोरं हसली. मी बसले.

त्यानंतर मी शाळेत गेले नाही. वाचायला मी पुढं शिकले, भजी बांधून आलेल्या कागदांवर. पण मोठ्यानं कधीच नाही.

"मग?" काकू म्हणाल्या. "म्हटलीस का कविता?"

"कशी म्हणणार?"

"त्याच्या आधी कधी म्हटली होतीस? त्याच्यासमोर?"

"न्हाई."

"वाचून दाखवलं होतंस? पाढे म्हटलेस?"

"मागच्यांना उभं करत न्हवते."

"हजेरीला 'हजर' तरी म्हणत असशील."

"मागच्यांनी हात वर करायचा. गोंधळ नको म्हणून."

काकू खुर्चीत पुढं सरकल्या.

"मग त्याला कसं कळलं गं, फुटकं का धड?"

टाकी दगडावर तशीच राहिली.

मी पहिलीपासून सगळं आठवायला लागले. दार आठवलं, दाराची बिजागरी आठवली. तुमच्या चपला आठवल्या, त्या नेहमी माझ्या डोळ्यांसमोर असायच्या. एकदा तहान लागली होती, तेही मी बोटानं दाखवलं होतं. पहिली. दुसरी. तिसरी. चौथी. मी शोधत होते, एखादा शब्द तरी. एखादं "गुरुजी". नव्हता.

इतकी वर्षं मी ते वाक्य खरं मानलं. झोपेत मानलं, नवऱ्याच्या घरात मानलं. गल्लीच्या तोंडाला उभी राहून मानलं. वाटायचं, तुम्ही माझा आवाज ऐकला असेल, तुम्हाला माहीत असेल, तुम्ही शिकलेले आहात.

"टोच की," काकू म्हणाल्या. "अंधार पडायच्या आत संपव. मिरची भिजत घातलीय मी."

मी टोचलं. असं टोचलं की खाली राहणारी मॅक्सीवाली बाहेर येऊन ओरडली, "अहो काकू, घर पडेल!" पाटा धुतला. काकूंना सांगितलं, पहिलं वाटण टाकून द्यायचं, त्यात कच येते, दुसरं खायचं. त्या म्हणाल्या, "माहितीय, शिकवू नकोस." मग म्हणाल्या, "खाली जाताना परत ओरड. समोरच्या इमारतीतल्या सुभद्रेकडं जातं आहे. तिला ऐकू कमी येतं. जोरात ओरड."

ओरडले.

तुम्हाला वाटेल, मग सगळं सरळ झालं. नाही झालं. दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाला उभी राहिले आणि तुम्ही हजर. "बघा रे बघा." फक्त आता मला एक गोष्ट माहीत झाली होती. मी मान वळवून मागं बघितलं, बाजूला बघितलं. एक म्हैस उभी होती. मग हाळी दिली. म्हैस दचकली, तुम्ही गप झालात. थोडा वेळ. तुम्ही कायमचे गप कधीच होत नाही. मी रोज बघते, तुम्ही नसता, मी ओरडते. एवढंच आहे ते. याच्याहून मोठं काही मला जमलेलं नाही.

आखितीला गोरखदादा आत्याच्या झोपडीवर आला. मला न्यायला. माझं गाठोडं बांधायला वहिनीनं जुनं लुगडंही दिलं होतं बरोबर. मी घरात नव्हते. आत्यानं नंतर मला सांगितलं, म्हणजे खुणांनी आणि फुसफुसून दाखवलं. दादा म्हणाला, "कुठाय केरी?" आत्यानं ओठावर बोट ठेवलं. दादाला वाटलं आत्याला बोलवत नाही म्हणून. तो परत म्हणाला, "कुठाय?" आत्यानं त्याच्या कानाची पाळी धरली आणि त्याचं तोंड दाराकडं वळवलं, लहानपणी धरायची तशी.

दोन गल्ल्या पलीकडून माझी हाळी येत होती. तुटकी, खडीसारखी.

दादानं ऐकलं. मग परत ऐकलं. ते लुगडं त्यानं आत्याच्या अंगावर पांघरलं, पाणी प्याला आणि गेला. मला न्यायचं त्यानं परत नाव काढलं नाही. आत्या त्याच पावसाळ्यात गेली. तिची हाळी ती घेऊन गेली, सांगितल्याप्रमाणे.

हे सगळं जुनं झालं. आता पाटे राहिले नाहीत, मी लिहिते. मोठ्यानं लिहिते म्हणा, लिहिताना ओठ हलतात माझे, शेजारच्यांना त्रास होतो.

परवा पेपरात तुमचा फोटो बघितला. शाल, नारळ, फेटा. तुमचा सत्कार झाला. खाली छापलंय, "गुरुजींनी कित्येक मुक्या पोरांना बोलतं केलं." तुम्ही हात जोडून उभे आहात. म्हातारे झालात. मला तुमची दया येण्याची वेळ होती ती, पण आली नाही.

गुरुजी, तुम्ही माझा आवाज चोरलात, आणि तोही न बघता चोरलात. पेटी न उघडता पेटी रिकामी आहे म्हणून सांगितलंत, आणि मी ती जन्मभर रिकामी समजून वाहिली. म्हणून आता मला उत्तर पाहिजे. माफी नको. माफी तुम्ही सत्कारातल्या नारळासारखी हातात द्याल आणि मोकळे व्हाल. मला एकाच प्रश्नाचं उत्तर द्या.

माझा आवाज तुम्ही कधी ऐकला होता?

इयत्ता सांगा. वार सांगा. मी काय बोलले होते ते सांगा. कविता नको, पाढा नको, एक शब्द सांगा.

मी परत हात वर केलाय, गुरुजी. या वेळी साहेब नाही, हसायला पोरं नाहीत. आणि मी खाली बसणार नाही.

कधी ऐकला होता? बोला.